गुडघे असलेली खुर्ची

कळंबच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आला, पुढच्या टेम्पोतून एक खुर्ची खाली उतरली आणि विनिताच्या स्कूटरसमोर गुडघे टेकून बसली. खुर्चीला गुडघे होते. माणसाचे, चांगले वाटोळे.

टेम्पोतून एक दाढीवाला तरुण धावत आला. "लागलं का?"

"नाही," विनिता म्हणाली.

"तुम्हाला नाही हो... तिला."

विनिताने वाकून पाहिलं. डावा गुडघा खरचटला होता. तिने पर्समधून बँडेजची पट्टी काढून लावली. फुंकरही घालणार होती, पण चारचौघांत आवरलं. त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की मागच्या रिक्षांचे हॉर्न बंद पडले — निदान तिला तरी ऐकू येईनात.

तो संकेत. शिल्पकार. स्वप्नात दिसेल तसं घडवायचं हा त्याचा बाणा; आणि स्वप्नांना गिऱ्हाईक नाही म्हणून पाहुण्यांना कॉटेज भाड्याने देणाऱ्यांसाठी फायबरचे डॉल्फिन घडवायचे हा त्याचा धंदा. विनिताच्या बाबांचं, चंद्रहासरावांचं, नवं कॉटेज अर्धं बांधून झालं होतं आणि पार राजोडी गावापर्यंत प्रत्येक पूलशेजारी एक डॉल्फिन होता. ऑर्डर विनितानेच दिली. मग रंग बघायला, शेपटी बघायला, मग पुन्हा रंगच बघायला ती त्याच्या शेडवर जात राहिली.

डॉल्फिन आला त्या दिवशी भुरभुर पाऊस होता. रंग ओला, म्हणून संकेतने छत्री डॉल्फिनवर धरली. विनिता त्याच्याजवळ सरकली. दोघं मिळून भिजली.

"याचं कोन गेलंय?" बाबांनी विचारलं.

डॉल्फिन खरंच विचारात पडला होता.

"त्याला उद्याची काळजी आहे, काका."

"पाहुने इथं काळजी इसरायला येतात, पोरा. हसव त्याला."

संकेतने निमूटपणे डॉल्फिन हसवला. मग हळूच विनिताला म्हणाला, "सुरतच्या एका वॉटरपार्कात नोकरी मिळतेय. सोमवारी कळवायचंय. फक्त हसरे डॉल्फिन."

"आणि खुर्च्या?"

"बंद. गुडघे चालणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

'माझ्यासाठी थांब' म्हणायला तिची जीभ रेटेना. आणि नुसता थांबून काय उपयोग? तिला तो गुडघ्यांसकट हवा होता.

तिने खुर्ची चार दिवसांसाठी मागून नेली. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून जिथे जीभ काढलेली काळी बाहुली टांगतात, तिथे, स्लॅबच्या टोकाला, ती लटकवली. येणारे-जाणारे माना वर करून थबकू लागले. शेजारच्या ब्रेंडाआंटी तर थेट आत आल्या.

"चंद्रहास, ती उडी मारनार काय रे?"

"नाय गो. नजर लागू नये म्हनून बांधलीय."

"मंग मला पन एक पायजे."

त्यांच्या मागोमाग दोन बिल्डर तेच मागत आले. रविवारी संकेत आला, तो तणतणत.

"माझं शिल्प... नजर काढायला?"

"लोक बघतात तरी. तुझ्या डॉल्फिनवर टॉवेल वाळत घालतात."

"घाबरतात ते, विनिता."

"ब्रेंडाआंटींना आता कपाटही हवंय. त्याला कान पाहिजेत म्हणाल्या. कुणी सुचवलेलं नाही."

संकेत विटांच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, "कान आतून की बाहेरून?"

"तूच विचार त्यांना."

"म्हणजे सुरतला नाही म्हणून कळवावं लागणार..." तो घुटमळला. "पण एक अडचण आहे. मी तुझा चेहरा करून पाहिला. तीनदा. तिन्ही वेळा हुबेहूब तूच आलीस."

"मग?"

"नाकाच्या जागी नळ बसवून बघितला."

"आणि?"

"काढला. नाकच बरं होतं." त्याने मान खाली घातली. "असं चालू राहिलं तर माझी कला संपली."

विनिताचे कान गरम झाले. "हे प्रेम आहे की तक्रार?"

"दोन्ही... जास्त करून प्रेम."

"मग चौथ्यांदा कर. मी समोर बसते. नाक बिघडेपर्यंत उठणार नाही."

"म्हातारी होशील बसून बसून."

विनिताने ओढणी सारखी केली आणि त्याच्यासमोर विटांवर बैठक मारली.

"चालेल," ती म्हणाली. "मधूनमधून चहा दे."