घरात पुरुष कोण आहे?

विश्वास ठेवा म्हणून कोणी हात जोडत नाही. पण हे घडलं. १९५४ सालच्या चैत्रात, भर दुपारी, चामोर्शीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरची माणसं अजून तिथेच राहतात.

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा चांद्याकडचा चैत्र बघावा. दुपारी गावात चिटपाखरू नसतं.

नूर मोहम्मद तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होता. कोर्टाचे समन्स गावोगाव नेऊन द्यायचे, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता. पण खांद्यावर सरकारी पट्टा आला की चांगल्या माणसाचीही मान ताठ होते, तशी त्याची झाली होती.

त्या दिवशीचा समन्स मुखरूच्या नावाचा होता. गावचा जुना मालगुजार गुणवंतराव म्हणत होता, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरची धानाची बांधी माझी आहे. मुखरूच्या घरचा भात त्या एकाच खाचरातून यायचा. तारखेला तो कोर्टात हजर झाला नाही, तर एकतर्फी निकाल लागणार आणि बांधी जाणार.

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. मुखरूची बायको बुधरी ती राखत उंबऱ्यात बसली होती.

"मुखरू कुठी आहे?"

"अहेरीकडे, लाकूडकटाईच्या कॅम्पवर. कागद माह्याजवळ द्या भाऊ. मी उद्या पायी घेऊन जातो."

"बाईच्या हाती समन्स देता येत नाई. कायदा आहे. घरात पुरुष कोन आहे?"

"कोनी नाई. पोरगा हाय, तो पाळन्यात."

कायदा खरंच तसा होता. त्या काळी घरातल्या वयात आलेल्या पुरुषाकडेच समन्स देता यायचा. बाई चालायची नाही. नूर मोहम्मदने हा नियम कधी मोडला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"कागद पाह्यल्याबिगर ठेकेदार त्याइले सोडत नाई, भाऊ. बांधी जाईन आमची."

"मंग दारावर चिकटवतो. अन् काढशीन तं जेलात जाशीन."

त्याने खळीचा डबा उघडला. बुधरी त्याच्या पाया पडली. त्याने पाय मागे घेतला.

आणि झाडावरचे होले एकदम गप्प झाले...

अंगणातला कुत्रा उठला. शेपूट घालून कुंपणाबाहेर निघून गेला.

घरात कोणीतरी खाकरलं...

म्हाताऱ्या माणसाचं कोरडं खाकरणं.

बुधरीने झटकन डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आतल्या अंधारातून एक म्हातारा बाहेर आला. नेसूचं धोतर नवं कोरं, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"कोन तुमी?"

"लटारू. मुखरूचा बाप."

नूर मोहम्मदचा पारा चढला. तो बुधरीकडे वळला. "सासरा घरात बसला आहे अन् तू मले कोनी नाई म्हनते? सरकारी मानसाशी खोटं बोलते? लाज नाई वाटत, बाई?"

बुधरीने पदर आणखी पुढे ओढला. तिची पाठ थरथरत होती. ती लाजेनेच, असं त्याला वाटलं.

लटारूने शाईत अंगठा बुडवून कोर्टात परत न्यायच्या नकलेवर उठवला. समन्स घेतला. अंगण ओलांडून जंगलाच्या वाटेला लागला.

नूर मोहम्मदने नकलेकडे बघितलं...

अंगठ्याला एकही रेघ नव्हती. नुसता काळा डाग. जन्मभर राबलेला हात, झिजला असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

मग त्याचं लक्ष अंगणाकडे गेलं.

म्हातारा मोहफुलांवरून चालत गेला होता...

एकही फूल चेपलं नव्हतं.

साक्षीची सही घ्यायला तो कोतवाल वारलूकडे गेला. वारलू खाटेवर लोळत पडला होता.

"लटारूनं घेतला समन्स. कर सही."

"कोन्त्या लटारूनं?"

"मुखरूच्या बापानं."

वारलू उठून बसला. "तो तं दिवाळीतच मेला, भाऊ. खांदा मीच देला."

नूर मोहम्मदच्या तोंडचं पाणी पळालं. भ्यायला तो भ्यालाच. पण त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. बुधरी खरं बोलली होती. घरात कोणीच नव्हतं. आणि त्याने तिची लाज काढली होती.

परत जाऊन माफी मागायची त्याची छाती झाली नाही. सायकल काढली आणि त्याने गाव सोडलं.

कोर्टात त्याने लिहून दिलं, समन्स वडिलांनी घेतला. कुटुंबातला पुरुष, अंगठा जागेवर. साहेबांनी मान डोलावली. मेलेला माणूस कायद्याला चालला होता, जिती बाई चालली नव्हती. त्या रात्री हे मनात आलं आणि नूर मोहम्मद भरल्या ताटावरून उठला.

तारखेच्या दिवशी मुखरू हजर होता. समन्स हातात.

"कोणी दिला?" साहेबांनी विचारलं.

"बापानं. कॅम्पवर आनून देला." मुखरू कागदाकडे बघत म्हणाला.

समोर गुणवंतराव पांढराफटक पडला. लटारूच्या मयतीला तोही गेला होता.

बाहेर कडुलिंबाखाली बुधरी पोराला घेऊन बसली होती. नूर मोहम्मद तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मान वर होईना.

"माफ कर मले, बाई. मी तुले खोटारडी ठरवलो."

"मले म्हनलं त्याचं काई नाई, भाऊ. पन तुमी कागद माह्या हाती देला असता, तं मामाजीले उठा लागलं नसतं."

तिने पोराला छातीशी घेतलं.

"अन् आता ते परत जातच नाईत..."

"म्हंजे?"

"दिवसभर दारात बसून रायतात. मी म्हनतो, मामाजी, झालं, आता जा. तं म्हनतात, कसा जाऊ? पुन्हा कोनी येईन, इचारीन, घरात पुरुष कोन आहे... मंग?"

बांधी वाचली. दावा लांबला, पण निकाल मुखरूच्या बाजूने लागला. त्या गावचे कागद मात्र नूर मोहम्मदने पुन्हा हातात घेतले नाहीत. ते दुसरा बेलीफ कय्यूम न्यायचा.

एकदा कय्यूम परत आला तो खुशीत. "तुमी उगाच टाळता, नूरभाई. लय सोपं घर हाय ते. म्हातारा दारातच बसला राह्यते."

 नूर मोहम्मद खाली बघत राहिला.