सात नंबरची विहीर बुजवताना

साखरेचा खडा दातांत धरून मीरहाशिमनं चहा संपवला आणि तो सात नंबरच्या तेलविहिरीपाशी गेला. कॅस्पियन समुद्र त्या सकाळी निपचित पडला होता. विहीर कायमची बुजवायची होती. त्याआधी तिची नळी दाब धरते का, एवढंच त्याला तपासायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी इथंच, समुद्रतळाच्या मऊ गाळातून वायू उसळला होता. पाणी उकळल्यासारखं झालं, जुना प्लॅटफॉर्म कलला आणि मीरहाशिमचा मुलगा तुराल त्यात गेला. देह मिळाला नाही. बायकोनं, सकीनानं, गेलेल्याच्या नावानं करायचा हलवा अजून केला नव्हता. "काय पुरलंय म्हणून करू?" म्हणायची.

पंपावरच्या बालाकिशीनं दाब पन्नासवर नेला, झडप मिटली. आता अर्धा तास काटा हलता कामा नये.

काटा हलला नाही. पण दहाव्या मिनिटाला नळीत टकटक झाली.

"ऐकलंस?"

"लाटा आपटत असतील, मामा."

समुद्र सपाट होता. मीरहाशिमनं नळीला तळवा लावला. लोखंड कोमट लागलं. त्यानं पान्यानं एकदा ठोकलं. खालून एकदा आलं. त्यानं दोनदा ठोकलं. खालून दोनदा. काटा पन्नासवरच.

बालाकिशीचा चेहरा उतरला होता. "मामा, चाचणी नापास लिहायचीय का?" तो हळूच म्हणाला. "मी कुठं बोलणार नाही."

नापास लिहिली तर विहीर महिनोन्महिने तशीच राहणार. नव्या प्लॅटफॉर्मवर एकेचाळीस माणसं होती, आणि खालचा गाळ तोच.

मीरहाशिम वाकला. ओठ लोखंडाला टेकवून म्हणाला, "बाळा, बंद करावंच लागतंय रे."

टकटक थांबली.

अर्धा तास भरला तेव्हा त्यानं 'पास' लिहून सही केली. सिमेंट सोडलं.

नळी सरळसोट, वीतभर रुंद. किती सिमेंट लागेल हे त्यानंच काढलं होतं, आणि तीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता.

नळी काठोकाठ भरली, तरी टाकीत सिमेंट उरलं. बालाकिशीनं मोजपट्टी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली.

"सत्तर लिटर जास्त, मामा."

मीरहाशिम टाकीत बघत राहिला. भरल्या हौदात माणूस उतरला की साधारण तेवढंच पाणी बाहेर सांडतं.