पद्मिनी काकूंची चिकटपट्टी

ही गोष्ट खरी आहे.

आणि ती सांगायची मला लाज वाटते. भीतीपेक्षा लाजच जास्त.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी अंगारे, धागे, लिंबू-मिरच्या सगळं घराबाहेर गेलं, ते पुन्हा आत आलं नाही. लहानपणी मी "मागच्या खोलीत काहीतरी वाजलं" म्हटलं की बाबा हातात टॉर्च द्यायचे. "जा, बघून ये."

मी बघून यायचे. काही नसायचं.

त्यामुळे तुम्हाला हे पटलं नाही तर मी भांडणार नाही. भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात, इथे तीही नाही. जे झालं ते लख्ख दुपारी झालं. २००४ चा ऑक्टोबर, नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी आणि राजाराम काकांचं गॅरेज.

राजाराम काका म्हणजे बाबांचे नागपूरच्या हॉस्टेलमधले मित्र. तरुणपणी अमेरिकेत आले, औषधांच्या कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं आणि इथलेच नागरिक झाले. मी कॅरीजवळ नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला अपार्टमेंट शोधूच दिलं नाही.

"जय भीम बेटा! एवढं घर रिकामं पडलंय, आणि तू कुठे जातेस?"

घर रिकामं होतं, कारण पद्मिनी काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या.

काकूंना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि ओळख झाल्यासारखं वाटलं. प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर ठळक अक्षरात नाव. जिरं. हिंग. मेथी. काकू नर्स होत्या, म्हणून पट्टीही दवाखान्यातलीच.

"पट्टी काढायची तर एका झटक्यात," काका सांगायचे. "चर्र... की आली हातात. कधी फाटायची नाही. मी काढली की निम्मी डब्यावरच!"

हे सांगताना ते हसायचे, आणि मग डबा पुसून परत जागेवर ठेवायचे.

काकांना नेमबाजीचा नाद होता. बौद्ध माणूस आणि बंदूक, म्हणून मी चिडवलं तर म्हणायचे, "मी कागदाला मारतो गं. कागदाला कुठे जीव असतो?" काडतुसंही ते विकत आणत नसत, घरीच भरत. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी दाबायची. गॅरेजमध्ये त्याचं वेगळं टेबलच होतं.

त्या टेबलावर काकूंचे दोन डबे होते.

काचेचे, रुंद तोंडाचे. एकावर 'मोहरी', एकावर 'खसखस'. काकूंच्याच अक्षरात.

"दारूच्या मूळ डब्यात चमचा जात नाही," काका म्हणाले. "म्हणून यात ओतली. मोहरीत रायफलीची, खसखशीत पिस्तुलाची. पिस्तुलाची दारू झटकन पेटते, रायफलीची सावकाश. पिस्तुलाची रायफलीत गेली तर रायफल हातातच फुटेल."

मी डोकावून पाहिलं. दोन्हीकडे बारीक काळे गोल दाणे. मला तर एकच वाटले.

"काका, गडबड झाली तर?"

"बत्तीस वर्षं झाली, मी भरतोय. डोळे मिटून सांगेन."

हेच काका लॅबच्या गोष्टी सांगताना बोट नाचवत म्हणायचे, "लेबल नसलेली बाटली दिसली की सरळ फेकून द्यायची! वास घ्यायचा नाही, अंदाज करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. फेकायची!"

लॅबमध्ये इतका काटेकोर माणूस. घरी आला की सगळं माफ.

पहिल्यांदा झालं ते एका रविवारी दुपारी.

काका विहारातल्या कार्यक्रमाला गेले होते. कपडे धुवायचं मशीन गॅरेजला लागूनच्या खोलीत होतं. मी घड्या घालत होते. मशीन थांबलेलं. बाहेर कुणाचं गवत कापायचं यंत्र चालू होतं, तेही थांबलं.

आणि गॅरेजमधून आवाज आला...

चर्र...

कुणीतरी चिकटपट्टी ओढली होती. एका झटक्यात.

मी दार उघडलं. गॅरेज बंद. आत कुणी नाही.

टेबलावर 'मोहरी'ची पट्टी पडली होती. सपाट, कुठे दुमडलेली नाही, फाटलेली नाही.

काका आल्यावर मी पट्टी पडल्याचं सांगितलं. आवाजाचं सांगितलं नाही.

"जुनी पट्टी आहे, गोंद सुकला," म्हणत त्यांनी ती अंगठ्याने दाबून बसवली. गोंद सुकला नव्हता. माझ्या बोटांना अजून चिकट लागत होतं.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. मीच मला हसले.

मग तो गुरुवार आला. मी घरूनच काम करत होते. काका दुकानात गेले होते. मी चहा टाकला, गॅस बंद केला...

चर्र...

थोडं थांबून पुन्हा...

चर्र...

बाबांची आठवण झाली. जा, बघून ये. मी गेले.

दोन्ही डबे बिनपट्टीचे, उघडेबोडके. पट्ट्या टेबलावर नाहीत, खाली नाहीत, डब्यांच्या मागेही नाहीत.

त्या दारापाशी होत्या.

कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर. मोहरी आणि खसखस, एकाखाली एक. सरळ लावलेल्या, आणि कडा बोटाने नीट दाबून बसवलेल्या.

ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होतं.

तेवढ्यात बाहेर काकांच्या गाडीचा आवाज आला.

आता जे केलं ते सांगते. मी त्या पट्ट्या काढल्या. माझ्याकडून एक थोडी फाटलीच. डबे उजेडात धरून पाहिले. काळे दाणे इथे, काळे दाणे तिथे. मागच्या वेळी मोहरी कुठे होती? उजवीकडे असावी.

असावी!

मी पट्ट्या लावल्या आणि काका आत यायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्यांना सांगायला तोंड नव्हतं का? होतं. पण काय सांगणार होते? काका, पद्मिनी काकू गॅरेजमध्ये येतात? ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवा म्हणून भाषणं केली, त्याच्यासमोर हे बोलायचं? ते बाबांना फोन करणार, बाबा हसणार. पट्ट्या पडल्या होत्या, मी अंदाजाने लावल्या, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. मग पुढचा प्रश्न आला असता: कुठे पडल्या होत्या?

त्या एका प्रश्नाला मी घाबरले.

संध्याकाळी काका काडतुसं भरायला बसले. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं होतं. माझ्या ऑफिसमधला कुशल पहिल्यांदाच बघायला येणार होता, म्हणून काका खुशीत होते. फोन खांदा आणि कानात धरलेला, पलीकडे नागपूरचे कुणी मित्र. दोन्ही डबे उघडे समोर. एका हाताने चमचा, एका हाताने वजनकाटा. लेबल बघायचं आणि चमचा घालायचा. पूर्वी म्हणे प्रत्येक वेळी मूळ डबा काढून दाणा ताडून बघायचे. त्या दिवशी बोलणंच संपत नव्हतं.

मी चहा घेऊन दारात उभी होते.

"ठेव गं तिथे," त्यांनी खुणेने सांगितलं.

मी कप ठेवला. आणि निघून आले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं रेंजवर गेलो. गावाबाहेर, पाइनच्या झाडीत. स्वच्छ ऊन होतं. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ, डोळ्यांवर चष्मे. कुशल मजेत होता.

"काका, सही आहे यार हे! मला पण शिकवा ना."

"आधी बघ. घाई करायची नाही," काका म्हणाले.

त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर घेतलं. नेम धरला. चाप ओढला.

आवाज आलाच नाही.

म्हणजे आला... पण नुसता 'फट्'. बाटलीचं बूच उडावं तसा. समोरच्या कागदाला भोक नाही.

काकांनी रिव्हॉल्व्हर पाहिलं. "गोळी नळीत अडकली. टोपी दमट असेल, होतं असं." ते बाजूला ठेवलं आणि रायफल उचलली.

पिस्तुलात सावकाश पेटणारी दारू गेली होती. मग झटकन पेटणारी कुठे गेली?

त्याच क्षणी ऐकू आलं...

चर्र...

कानांवर मफ असताना. मफच्या आत, अगदी कानाला लागून.

मी हाक मारली. "काका!"

पण हळू मारली. चार लोक बघतील, कुशल विचारेल काय झालं, म्हणून हळू. सगळ्यांच्या कानांवर मफ होते आणि मी हळू हाक मारली.

काकांनी चाप ओढला.

पुढचं फार सांगवत नाही. रायफल मधोमध फुटली. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. चष्म्याने उजवा डोळा वाचवला, डावा नाही वाचला. कुशलने स्वतःचा शर्ट काढून हात बांधला. मी नुसती उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये भेटू दिलं. खाली काउंटरवर त्यांनी माझं नाव लिहून एक स्टिकर दिला, तो मी जॅकेटवर छातीशी लावला. खोलीत आम्ही दोघंच होतो. काकांचं अर्धं तोंड पट्ट्यांत होतं. पांढऱ्या, दवाखान्यातल्या.

"संघमित्रा..."

"बोला काका."

"मी कालपासून विचार करतोय. रेंजवाले म्हणतात दारू बदलली. असं कसं होईल? मी डब्यावर बघूनच घेतली." त्यांना दम लागला. "डब्यांना कुणी हात लावला नव्हता ना गं? लेबलं होती तशीच होती ना?"

त्यांचा एक डोळा माझ्याकडे लागला होता. सांगायची वेळ ती होती. तेव्हा तरी.

"हो काका," मी म्हणाले. "होती तशीच होती."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मीच चुकलो. गाफील राहिलो."

आणि खोलीत आवाज झाला...

चर्र...

अगदी जवळ. मी खाली पाहिलं. जॅकेटवर स्टिकर नव्हता.

पायाशी नव्हता, खुर्चीवर नव्हता, पलंगाखालीही नव्हता.

दारापाशी कचऱ्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर माझं नाव होतं. सरळ लावलेलं, कडा बोटाने नीट दाबून बसवलेल्या.

"काय झालं गं?" काका म्हणाले.

"काही नाही."

काकू मला घाबरवायला कधीच आल्या नव्हत्या, हे मला तिथे कळलं. काकांचाच नियम त्या काकांना आठवून देत होत्या. लेबल नाही, तर फेकून द्या. काका डबे उघडेबोडके बघते तर त्यांनी ते फेकलेच असते. मी पट्ट्या परत लावल्या.

चार वर्षं झाली. मी आता वेगळी राहते. काकांनी घरी काडतुसं भरणं सोडलं. परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना सुरक्षिततेवर बोलायला बोलावलं होतं. त्यांनी तीन बोटांचा हात वर धरला आणि शांतपणे सांगितलं, "हा माझ्या निष्काळजीपणाचा परिणाम. दोष दुसऱ्या कुणाचा नाही." लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मंडळात दारातच नावाचा स्टिकर देतात. मी तो लावला होता, चांगला दाबून लावला होता. टाळ्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

बाहेर पडताना मंडळातल्या शोभना मावशी म्हणाल्या, "अगं, तुझं नाव कुठे गेलं?"

दारापाशी कचऱ्याचा डबा होता. मी तिकडे बघितलं नाही.