सीगुलाबाईचा पाट

"शब्बाथचा दिवा लागल्यावर मूल रिकाम्या जागेकडे हात पुढे करायला लागलं ना, तर हसू नकोस. आधी ऊठ. कोण एकटं आहे ते बघून ये."

माझ्या सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी हसले होते.

"आई, लहान मुलं कशाकडेही हात करतात. पंख्याकडे करतात, पालीकडे करतात."

त्या हसल्या नाहीत. मनुका निवडायचं थांबवून त्यांनी मला जे घडलं ते सांगितलं. यातला एक शब्दही माझा नाही. पटलं नाही तर सोडून द्या... पण शेवटपर्यंत वाचा. माझी एवढीच विनंती आहे.

गोष्ट १९२० सालची. गाव हेच, वाशीम. माघ महिन्यातला शुक्रवार; त्या संध्याकाळी आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू होतो.

माझ्या सासूबाईंचं नाव मिल्का. तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या, म्हणून पुढे मी त्यांना मिल्काच म्हणते.

त्या काळी वाशीमात आम्हा बेने इस्राएल ज्यूंची सात-आठ घरं होती. कोणी पोस्टात, कोणी पोलिसांत, एकजण दवाखान्यात कंपाउंडर. सगळी मूळची कोकणातली, नोकरीपायी वऱ्हाडात आलेली. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे एक लांबट खोली भाड्याने घेतली होती. तीच आमची मशीद. आम्ही प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतो. पुढे पुरुष बसत, मध्ये चादरीचा पडदा, मागे बायका.

मागच्या भिंतीला लागून एक छोटी खोली होती. तिथे सीगुलाबाई राहायची.

विधवा. साठी उलटलेली. मूलबाळ नाही. शब्बाथच्या दिव्याच्या काचा पुसणं, त्यात आधी पाणी, वर करडईचं तेल ओतणं, वाती वळणं हे सगळं तिचं काम. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे.

"शनवार तेल्यांची पोर आहे मी," ती म्हणायची; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हाला हेच नाव. "तेल किती घालायचं ते मला कुणी शिकवायचं नाही."

तिचा पाट पडद्याच्या कोपऱ्यात असायचा. आणि प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांची तान्ही मुलं त्या पाटावर, तिच्या मांडीत.

मिल्काची दीना तेव्हा आठ महिन्यांची होती. भारी रडकी. मिल्का थोपटून थोपटून थकायची, पोरगी निळी पडेपर्यंत रडायची. मग सीगुलाबाई हात पुढे करायची.

"दे गं इकडे. तुझ्याकडे ती विंचू चावल्यासारखी रडते."

आणि दीना तिच्या मांडीत गेली, की गप्प!

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यात वयाने मोठ्या लेआबाई, त्यांची जीभ तर फारच तिखट.

"मिल्के, जन्म तू दिलास खरा. पण पोरीला विचारलं नव्हतंस वाटतं!"

मिल्काही हसायची. घरी येऊन मात्र तिला जेवण जात नसे.

तिला हेवा वाटायचा. एका म्हातारीचा. फाटक्या लुगड्यातल्या, तेलकट हातांच्या म्हातारीचा. रात्री दूध पाजताना ती दीनाचं डोकं हुंगायची, आणि त्याला करडईच्या तेलाचा वास यायचा. माझ्या पोरीला माझा वास का येत नाही?

एकदा तर तिने दीनाचं डोकं तीनदा धुतलं.

वास गेला नाही.

आमच्यात प्रार्थना संपली की हातबोशी करतात. आपले दोन्ही हात शेजारणीच्या हातांत द्यायचे, तिने ते हलकेच धरायचे, मग दोघींनी आपापली बोटं ओठांना लावायची. तिने पुढचीला द्यायचे, पुढचीने तिच्या पुढचीला. असा तो हात सगळ्या मंडळींतून फिरतो. लहान असो, मोठा असो, भांडण असो... कुणाला वगळायचं नसतं. वगळलं तर शब्बाथची शांती त्या माणसापाशी येऊन तुटते, असं म्हणतात.

त्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी हात लेआबाईंकडून मिल्काकडे आला.

मिल्काच्या पुढे कोपऱ्यात सीगुलाबाई होती. मांडीत दीना, डोळे मिटून, समाधानाने. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले.

मिल्काने ते पाहिले.

आणि वाकून तिच्या मांडीतली दीना उचलली. हात दिलाच नाही.

सीगुलाबाईचे हात तसेच राहिले... उघडे. मग तिने ते हळूच पदराखाली घेतले.

दीनाने मात्र घरी पोचेपर्यंत आकांत केला.

बुधवारी मिल्काची मशीद झाडायची पाळी होती. ती एकटीच होती. झाडताना मागच्या भिंतीतून आवाज आला.

टक... टक...

ती थांबली. आवाजही थांबला.

पुन्हा झाडू लागली.

टक... टक... टक...

"आपट, भांडी आपट," मिल्का मनात म्हणाली. "रुसून बसली आहेस ना? बस मग."

तिने केर भरला आणि कडी लावून निघून आली.

शुक्रवारी दुपारी पंचफुला आली. ही शेजारच्या आळीतली कुणब्याची बाई. आम्ही शब्बाथला विस्तव पेटवत नाही, म्हणून शनिवारी सकाळी चूल पेटवायला ती घरोघरी यायची. शुक्रवारी यायचं तिला काही कारण नव्हतं.

दारातच उभी राहिली.

"बाई, त्या बुढीचं दार दोन-तीन दिसापासून बंद हाये. धूर नाई, खोकला नाई. मी हाक देल्ली तं ओ बी नाई देल्ली."

"अकोल्याला गेली असेल. भाचा आहे तिचा तिथे."

"न सांगता? अन् मंग आतून कडी कोनं लावली?"

"जाम झालं असेल दार."

"तुमच्या देवाचं आवार हाये, मी कशी घुसू? तुमी एकडाव पाहून या न बाई. मले काई बरं नाई वाटून राह्यलं."

"हो, हो. बघते."

मिल्का निघाली, ती मशिदीपर्यंत गेली. म्हातारी नाही म्हणजे आज दिवा आपण भरायचा. तिला ते बरं वाटलं होतं, हे सासूबाईंनी मला खाली मान घालून सांगितलं. आज दिवा माझा. दीना माझी.

आत जाऊन तिने वर पाहिलं.

दिवा भरलेला होता.

काचा लख्ख पुसलेल्या. पाण्यावर तेलाचा पिवळा थर. नव्या वाती... अजून पूर्ण भिजल्याही नव्हत्या.

"बघ," ती स्वतःशीच म्हणाली. "मेली तेल भरून गेली की अकोल्याला. पंचफुलाला उगाच घोर."

मागे म्हातारीच्या दारापर्यंत आठ-दहा पावलं होती.

ती गेली नाही.

संध्याकाळी लेआबाईंनी विचारलं, "सीगुला कुठे गं?"

"अकोल्याला गेली. भाच्याकडे."

तिने इतकं सहज सांगितलं की पुन्हा कुणी विचारलंच नाही.

दिवेलागण झाली. मिल्काने दिवा लावला. पडद्यापलीकडे प्रार्थना सुरू झाली. दीना मिल्काच्या मांडीवर होती आणि नवल म्हणजे रडत नव्हती. मिल्काचा ऊर भरून आला. आली बाई माझी पोर माझ्याकडे, असं तिला वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं...

दीना तिच्याकडे बघतच नव्हती.

ती कोपऱ्यातल्या रिकाम्या पाटाकडे बघत होती. टक लावून. मध्येच ओळखीचं हसत होती.

दिव्याची एक ज्योत थरथरली. वारा नव्हता. पडदा जागचा हलला नव्हता.

प्रार्थना संपली. पुरुषांकडे हातबोशी सुरू झाली, इकडे लेआबाईंनी सुरू केली. हात मिल्काकडे आला. तिने बोटं ओठांना लावली. आता पुढे कोणी नव्हतं.

तेवढ्यात दीना मांडीवर पुढे झुकली.

तिने दोन्ही हात... पाटाकडे पुढे केले.

हात तसेच राहिले. हवेत. कुणीतरी धरावेत तसे, जरा दाबले गेलेले. मिल्काला पोरीच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली दिसली.

मग दीनाने हात मागे घेतले आणि सगळी बोटं ओठांवर ठेवली.

आठ महिन्यांची पोर.

"अगंबाई!" लेआबाई ओरडल्या. "शिकली की ही! कुणी शिकवलं?"

मिल्काला भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी तिच्या मनात दुसरंच काही आलं, आणि त्याबद्दल तिने स्वतःला जन्मभर माफ केलं नाही.

तिला त्या रिकाम्या पाटाचा हेवा वाटला.

सकाळी दीना दूध घेईना. रडेनाही. नुसती पडून होती. हात बर्फासारखे गार, आणि डोक्याला तेलाचा वास... इतका, की खोली भरली होती.

चूल पेटवायला आलेल्या पंचफुलाने आधी पोरीकडे पाहिलं, मग मिल्काकडे.

"बाई... पाहून आल्या का?"

मिल्का अनवाणी धावली.

दार आतून बंद होतं. पुरुष आले. शब्बाथ होता, पण जिवाचा प्रश्न असला की शब्बाथही बाजूला ठेवतात. दार फोडलं.

सीगुलाबाई जमिनीवर पडली होती, मशिदीच्या भिंतीला लागून. एक पाय कमरेपासून विचित्र वळलेला. पडून खुबा मोडला होता. तिला उठताच आलं नव्हतं. पडल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्या उंचीवर भिंतीचा गिलावा उडाला होता. तिच्या बोटांचे सांधे सोललेले होते.

टक... टक... टक...

कंपाउंडरने वाकून पाहिलं.

"मंगळवारी-बुधवारी पडली असावी. पण गेली ती कालच. दिवेलागणीच्या सुमारास."

"म्हणजे काल दुपारी..." मिल्काने विचारलं.

"दुपारी होती जिवंत. पाणी मिळालं असतं तर कदाचित..."

पंचफुला दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून उभीच राहिली.

तेलाची बरणी कोपऱ्यात उभी होती. काठोकाठ भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. चार दिवसांत ती कुणी उघडली नव्हती.

मग दिवा कुणी भरला?

आणि म्हातारीचे दोन्ही हात... पुढे केलेले होते. तळवे उघडे. कुणीतरी त्यांत हात द्यावा म्हणून ठेवल्यासारखे.

मिल्का खाली बसली. सगळ्यांसमोर तिने आपले हात त्या गार हातांत दिले. मग बोटं ओठांना लावली.

घराकडून दीनाच्या रडण्याचा आवाज आला. भुकेलेला, मोठा, जिवंत.

सासूबाईंनी मला सांगितलं ते इथपर्यंत. दीनावन्सं पुढे चार-पाच वर्षांच्या होईपर्यंत दर शुक्रवारी त्या कोपऱ्याकडे हात करायच्या. सासूबाईंनी त्यांना कधी अडवलं नाही.

आता माझं सांगते.

माझी रूथ सात महिन्यांची आहे. मी कॉलेजात शिकलेली बाई, बालसंगोपनाची पुस्तकं वाचलेली. दूध घड्याळ बघून देते. रात्री चारदा उठून श्वास बघते. पण ती गप्प व्हायची सासूबाईंच्याच मांडीत.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी हातबोशीला त्यांनी हात पुढे केले. मी रूथला उचलायला वाकले.

आठवण राहिली नाही, असं मी ह्यांना सांगितलं.

ते खरं नाही.

त्यानंतरच सासूबाईंनी मला ही गोष्ट सांगितली. रागावून नाही, शांतपणे. आणि सोमवारी त्या आपल्या रेवदंड्याच्या घरी निघून गेल्या. ते घर कित्येक वर्षं बंदच होतं. "थोडे दिवस तुमचे तुम्ही राहा," एवढंच म्हणाल्या.

पोचल्याचं पत्र आलं. नंतर काहीच नाही. टपालाचा संप सुरू झाला, तारही जात नाही. हे स्वतः पोस्टात, ते म्हणतात, "संप मिटला की पत्र येईल. आई ठणठणीत आहे. तू फार विचार करतेस."

परवा शुक्रवारी मी घरातला शब्बाथचा दिवा भरायला गेले.

तो भरलेला होता.

मी ह्यांना विचारलं. त्यांनी हात लावला नव्हता.

दिवा लागल्यावर रूथ माझ्या मांडीवर गप्प बसली. सासूबाईंच्या रिकाम्या पाटाकडे बघून हसली. मग पुढे झुकली...

तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी पाहिलं.

काल मी आळीतली सगळी दारं वाजवून आले. एकट्या राहणाऱ्या तिन्ही बायका बऱ्या आहेत. एकीने मला चहाही दिला.

हा मजकूर मी अकोल्याच्या मोटारीने जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवते आहे. तो कधी छापून येईल, ठाऊक नाही. पण रेवदंड्यातलं, चौलातलं, अलिबागेतलं कुणी हे वाचत असेल, तर मासिक खाली ठेवा. इस्राएल आळीत, विहिरीला लागून हिरव्या दाराचं कौलारू घर आहे. मिल्काबाईंचं घर म्हणून कुणीही दाखवील.

दार वाजवा. ओ आली नाही तर भिंतीला कान लावा.

आणि त्यांनी दार उघडलं, तर जास्त काही बोलायची गरज नाही. फक्त दोन्ही हात पुढे करा. सुनेने पाठवलेत, म्हणून सांगा.