अकरावं वाक्य

२०१९ च्या जानेवारीत तलासरीजवळच्या त्या पाड्यावर शाळा चिंचेखाली भरत होती. नोव्हेंबरपासून जमीन दर दोन-चार दिवसांनी अंग झाडत होती. सरकारने तंबू दिला होता. तंबूला भूकंपाची भीती नसते, वाऱ्याची असते; तो पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शेतात जाऊन बसला.

केंद्रप्रमुख विपुलसरांनी वासुदेव गुरुजींपुढे दाखला ठेवला: शाळेची इमारत सुरक्षित आहे.

"तडा नुसता प्लास्टरला आहे हो, गुरुजी. सोमवारपासून पोरं आत बसवा. सगळ्यांचे दाखले वर गेले, तुमचाच अडलाय."

"सोमवारी सही करून देतो."

वर्गाच्या भिंतीतल्या तड्यात गुरुजींचं बोट पेरभर जात होतं. निवृत्तीला आठ महिने उरले की माणूस बोट त्याहून आत घालत नाही.

शुक्रवारी त्यांनी चौथीला श्रुतलेखन घातलं. दहा वाक्यं, प्रत्येक दोनदा. तिसऱ्यांदा विचारणारा उभा राहायचा. संध्याकाळी डहाणूला घरी वह्या तपासायला घेतल्या. बावीस वह्या, आणि प्रत्येकीत अकरा वाक्यं. अकरावं सगळीकडे एकच: 'सोमवारी चंपा भिंतीजवळ बसेल.' खुद्द चंपानेही ते सुबक अक्षरात लिहिलं होतं, पूर्णविरामासकट.

सवयीने गुरुजींनी त्यावर लाल शाईची बरोबरची खूण केली. मग पेन खाली ठेवलं.

शनिवारी त्यांनी वर्गातल्या चिमणला बाजूला घेतलं. "हे कुणी सांगितलं रे?"

"तुमीच ना, गुरुजी. दोनदा."

"माझ्या तोंडून ऐकलंस?"

"तोंड नव्हतं हालत. पण आवाज तुमचाच."

त्या दिवशी त्यांनी पुन्हा श्रुतलेखन घातलं, खिशातल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. नंतर एकटेच ऐकत बसले. दहा वाक्यं, स्वतःचा नाकातला आवाज, मध्ये कावळे. दहाव्यानंतर शांतता. त्या शांततेत बावीस पेन्सिली खरखरल्या, एका वाक्याला लागतो तेवढा वेळ.

रविवारी गुरुजींनी दाखल्यात 'आहे'च्या जागी 'नाही' लिहिलं, सही ठोकली आणि वर्गाला घरचं कुलूप लावून आले.

"पेन्शनच्या तोंडावर हे कशाला अंगावर घेता?" विपुलसर फोनवर कळवळले.

"पोरं बाहेरच बसतील," गुरुजी म्हणाले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सोमवारी चंपाला त्यांनी अगदी आपल्यासमोर बसवलं. भिंत चांगली पन्नास पावलं लांब. पुस्तक उघडून ते पहिलं वाक्य शोधू लागले.

पेन्सिली चालू झाल्या.

गुरुजींनी ओठ मिटले. मग वरून हात दाबून धरला.

पेन्सिली थांबेनात. पानं उलटली जात होती; पुढच्या वहीत ओळीओळीला वर्गातलं नवं नाव आणि तेच 'भिंतीजवळ बसेल'.

"हळू सांगा ना, गुरुजी," चिमण मान वर न करता म्हणाला.

एकवीस माना वहीत होत्या. चंपा तेवढी त्यांच्याकडे बघत होती, पेन्सिल कोऱ्या पानावर टेकवून.

"गुरुजी," ती म्हणाली, "आज सांगायला सुरुवात नाही का करणार?"