जाळ्यामागची जागा

“एकदा रेषा सोडून पुढे निघालीस ना देओ, की निम्म्यात थांबायचं नाही. चेंडू मिळो, न मिळो... निम्म्यात थांबलेला गोलकीपर ना घरचा ना दारचा!”

बाबांचा हा आवाज त्या संध्याकाळी देओलिंदाच्या कानांत इतका स्पष्ट उमटला, की सुपाची पळी हातात तशीच धरून ती क्षणभर स्तब्ध उभी राहिली... जणू वाल्देमार रेझेंदेस तीन वर्षांपूर्वी मातीआड झालेच नव्हते, आत्ता बंदरावरून येऊन मागच्या पायरीवर बूट काढत बसले होते!

पण मागचं दार वाजलं नाही. वाजलं ते पुढचं, आणि धाडकन वाजलं. आत आली ती झेलिया, तिची धाकटी बहीण. सतरा वर्षांची पोर, गालांवर वारा लागून आलेली लाली, आणि मुठीत चुरगळलेलं रविवारचं वर्तमानपत्र.

बैठकीच्या खोलीत पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट फुलांत मांडलेला होता. अमेरिकेतल्या त्या बंदरगावच्या पोर्तुगीज वस्तीत ईस्टरनंतरच्या सात आठवड्यांत तो सात घरी राहायला जातो, आणि यंदा चिठ्ठीत रेझेंदेसांचं नाव निघालं होतं. शेजारच्या बायका जपमाळेला जमल्या होत्या, आई ओदेत कारखान्यातून येऊन मासळीचा वास जाईपर्यंत हात घासून, लेसचा रुमाल डोक्यावर घेऊन बसली होती. केवढं भाग्य! आणि त्या भाग्याच्या ऐन मध्यावर झेलियानं ते वर्तमानपत्र जेवणाच्या टेबलावर आपटलं.

“वाच, ताई. मोठ्यानं वाच. देवालाही ऐकू जाऊ दे.”

देओलिंदानं वाचलं. पण मोठ्यानं नाही. येत्या हंगामात कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचं काय होणार, याचं भाकीत होतं ते. जुने कोच गेले, नव्या कोच केसलर आल्या, बचावफळी नवखी, पुढची फळी त्याहून नवखी, संघ बहुधा सहावा येईल... ‘गोल मात्र देओलिंदा रेझेंदेसच्या अनुभवी हातांत सुरक्षित आहे. दुखापतीमुळे हुकलेलं आपलं एक वर्ष खेळायला ती परतत आहे.’

अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे तरंगू लागली. परतत आहे? कोण परतत आहे? तीन दिवसांपूर्वी, गुरुवारीच, कोच केसलरांच्या टेबलावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की मी माझं शिल्लक वर्ष खेळणार नाही! मग हे छापलेलं खरं, की तिनं लिहिलेलं खरं? क्षणभर तिला स्वतःचीच खात्री वाटेना.

“दोन कॉलेजांना नाही म्हटलं मी!” झेलियाचा आवाज चिरकला. “का? तर कोच टटल या टेबलावर बसून म्हणाले, झेलियाची जागा पक्की! आता ते गेले दक्षिणेत मोठ्या कॉलेजात, आणि त्यांचा शब्द गेला त्यांच्या सामानात. ठीक आहे, ते परके. पण तू? नव्या बाईंकडे गोलकीपरच्या दोनच जागा. एकीवर त्यांनी ओहायोहून मुलगी आणली. दुसरी तू गिळलीस!”

“पोरींनो, मुकुटासमोर नका गं भांडू,” जॉर्जिना मावशी जपमाळेचा मणी बोटात धरून म्हणाली, “देव आठच दिवस राहायला आलाय. त्याला वाटेल, चुकीच्या घरी चिठ्ठी निघाली!”

कुणी हसलं नाही.

बोल, सांगून टाक! देओलिंदाच्या अंतःकरणात कुणीतरी आक्रंदत होतं. पण तिची जीभ बांधलेली होती. गुरुवारी कोच केसलरांनी तिचा कागद उलटसुलट करून पाहिला होता आणि चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघत म्हटलं होतं, “हे बघ, तू सोडलेली जागा तुझ्या बहिणीलाच मिळेल असं मी मुळीच सांगत नाही. मी तिला खेळताना पाहिलेलंच नाही. पुढच्या शनिवारी येईन, बघेन. नाही आवडली तर दुसरी शोधेन, पण तुझी जागा तुला परत देणार नाही. विचार कर.”

“केलाय, कोच.”

“आणि यादी जाहीर होईपर्यंत घरात एक अक्षर नको. ताईच्या मेहेरबानीवर खेळणारी मुलगी मला बघायचीच नाही. मला तिचे हात बघायचेत.”

तेव्हा तिनं मान हलवली होती. शब्द दिला होता. आणि रेझेंदेसांच्या घरात दिलेला शब्द म्हणजे काय, हे काय सांगायला हवं होतं? त्या शब्दापायीच तर हा सगळा घोळ झाला होता! दोन वर्षांपूर्वी कोच टटल याच टेबलावर बसले होते. आईनं सोपाश वाढलं होतं, तळाशी पाव, वर मांसाचा रस्सा आणि पुदिन्याची डहाळी. दोन वाट्या सूप ओरपून, ओठ पुसून ते म्हणाले होते, “झेलिया आमचीच!” ते मीठ, तो पाव घशाखाली उतरल्यावर माणूस शब्द फिरवील हे आईच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात इतर मुली आपापल्या कॉलेजांचे कागद सही करून पाठवत होत्या तेव्हा टटल म्हणाले, कागद वसंतात करू, घाई काय? आणि आई म्हणाली, “त्यांनी आपल्या घरचं सूप प्यायलंय. कागद कशाला मागायचा? अपमान वाटेल त्यांना!” जानेवारीत ते गेले. कोचचा तोंडी शब्द कोचबरोबरच जातो, कॉलेजला तो बांधत नाही, हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त सूप वाढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं!

“शनिवारी माझा सामना आहे,” झेलिया दाराकडे वळून म्हणाली. “तू माझ्या जाळ्यामागे उभी राहू नकोस. कधीच राहू नकोस.”

हे वाक्य मात्र वर्मी बसलं.

कारण ती जागा बाबांची होती. देओलिंदा नऊ वर्षांची असल्यापासून बोटीवरून परतलेले बाबा थेट मैदानावर यायचे आणि जाळ्यामागे उभे राहायचे. ओरडायचे नाहीत. फक्त हलकेच बोलत राहायचे, “उजवीकडे बघ... दम खा... आता निघ.” शेवटच्या दिवसांत इस्पितळाच्या खाटेवर ते इतकेसे झाले होते, आणि इतक्याशा आवाजात म्हणाले होते, “झेलिया कॉलेजच्या गोलात उभी राहील त्या दिवशी तिच्या जाळ्यामागे कुणीतरी हवं गं... मी नसणार. तू उभी राहा, देओ. राहशील?” आणि ती म्हणाली होती, “राहीन, बाबा.”

मग गोलात आपण आणि गोलामागेही आपणच, असं कसं जमायचं? गुरुवारी कोचच्या दारापर्यंत तिला घेऊन गेला तो हाच प्रश्न. का... नव्हता हा? त्या रात्रीपासून एक सूक्ष्म काटा तिच्या मनात सलत होता. तिचा डावा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, दमट हवेत अजून ठणकायचा. उंच चेंडूवर झेपावताना आता मनात एक क्षण भीती उभी राहायची. तिनं जागा सोडली ती बहिणीसाठी, की त्या भीतीसाठी? हा त्याग होता, की त्यागाचा रुमाल डोक्यावर घेतलेली पळवाट? ती रोज पहाटे मुकुटासमोर गुडघे टेकून विचारायची, “देवा, मी खरं केलं की सोयीचं?” मुकुट चमकायचा. उत्तर द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी बायका गेल्यावर आईनं भांडी विसळता विसळता विचारलं, “खरं सांग, देओ. जागा तूच मागून घेतलीस?”

“आई, यादी लागेपर्यंत मला काही विचारू नकोस.”

ओदेतनं लेकीकडे वळूनही पाहिलं नाही. “तुझे बाबा असते तर...” एवढंच म्हणाली, आणि नळ मोठा केला.

शनिवारी देओलिंदा मैदानावर गेली नाही. कारखान्यात एकीची पाळी मागून घेतली आणि बर्फाच्या पेट्यांमध्ये मासळी भरत राहिली. दहा वाजता सामना सुरू झाला असेल... आता मध्यंतर... आता तिच्यासमोर एकटी पुढची खेळाडू धावत आली असेल! निघ, झेलिया, निम्म्यात थांबू नकोस! तिचे ओठ आपसूक हलत होते.

“काय गं, माशांना जपमाळ शिकवतेस का?” शेजारची बाई हसत म्हणाली, “मेलेत ते, आता उपयोग नाही!” देओलिंदाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मुकुट दुसऱ्या घरी गेला. दोघी बहिणी एका छपराखाली परक्यासारख्या वावरू लागल्या. जूनच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी, कोच केसलर दारात उभ्या राहिल्या. हातात एक पातळसा लिफाफा.

ओदेतनं त्यांना बसवलं, सवयीनं सुपाची वाटी भरली, टेबलापर्यंत आणली... आणि मध्येच थबकली. वाटी तशीच परत चुलीवर नेऊन ठेवली, हात पुसले आणि हात जोडून शांतपणे म्हणाली, “माफ करा हं, बाई. आधी कागद. सूप नंतर.”

कोच केसलर क्षणभर गोंधळल्या, मग मनमोकळं हसल्या. “बरोबर आहे तुमचं. मला आधीच्यांचा किस्सा कळलाय.” त्यांनी लिफाफ्यातून कागद काढून झेलियासमोर सरकवला. “मी पाहिलं तुला. तू गोल सोडून निघतेस तेव्हा मागे वळून बघत नाहीस. हे शिकवता येत नाही. ओहायोची मुलगी तुझ्या पुढे आहे, हे आत्ताच सांगते. बाकावर बसावं लागेल. पण जागा तुझी आहे.”

झेलिया कागदाकडे बघतच राहिली. “पण... जागा दोनच ना? मग ताई?”

“म्हणजे? हिनं अजून सांगितलं नाही?” कोचनी देओलिंदाकडे पाहिलं. “यादी तर आज सकाळीच लागली! अगं, तुझ्या बहिणीनं मे महिन्यातच लिहून दिलं. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला ओहायोला गेले, आणि तेवढ्यात त्या पेपरवाल्यानं जुन्याच यादीवरून भाकीत छापून टाकलं. आणि तुला कळू द्यायचं नाही, ही अट माझी होती. तिची नाही.”

गुरुवार... म्हणजे त्या रविवारच्या भांडणाच्याही आधीचा. ओदेत खुर्चीत मटकन बसली. त्या संध्याकाळी मोठा केलेला नळ जणू तिला आत्ता ऐकू आला!

पण झेलिया रडत गळ्यात पडली नाही. ती उसळली. “मला नको हा कागद! आयुष्यभर तू अशी संतिणीसारखी माझ्या डोक्यावर बसणार! मी एक चेंडू सोडला तरी लोक म्हणतील, हिच्यासाठी बहिणीनं हात कापून दिले! कुणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं?”

“नाही मागितलंस.”

“मग?”

“मी संतीण नाही गं, झेलिया...” देओलिंदाचा आवाज खाली गेला. इतके दिवस मनात घोळत असलेलं सगळं एकदमच बाहेर आलं. “मला भीती वाटते. उंच चेंडू आला की खांदा आठवतो. मी तुझ्यासाठी सोडलं, की त्या भीतीसाठी, मलाच कळत नाही. देवाला विचारलं, तोही सांगत नाही. पण एवढं ठाऊक आहे की बाबांना मी शब्द दिलाय, तुझ्या जाळ्यामागे उभी राहीन म्हणून. गोलात उभी राहिले असते तर मागे कोण उभं राहिलं असतं? आणि तू तर मला तिथूनही हाकललंस...”

झेलियानं पेन उचललं, सही केली, इतकी जोरात की कागदाला भोक पडायचं राहिलं, आणि पाठ वळवून, डोळे बाहीला पुसत म्हणाली, “त्या शनिवारी मागे कुणी नव्हतं. मी सारखी वळून बघत होते... आणि या बाई म्हणतात मी वळून बघत नाही!”

“गोल सोडून निघतेस तेव्हा, म्हटलं मी,” कोच केसलर हळूच म्हणाल्या. “गोलात असताना तू शंभरदा वळलीस. मला वाटलं, जाळं तपासतेयस.”

तेव्हा कुठे आईच्या हुंदक्यातून हसू फुटलं. तिनं थोरलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, “पोरी, मी तुला बाबांचं नाव घेऊन टोचलं गं...” वाटी चुलीवरून पुन्हा टेबलावर आली. त्या दुपारी कोच केसलरांनी तीन वाट्या सूप प्यायलं.

ऑगस्ट उजाडला. पहिला सामना घरच्या मैदानावर होता. देओलिंदा आईशेजारी वरच्या पायऱ्यांवर बसली होती, कारण झेलिया बाकावर होती, आणि ओहायोच्या मुलीमागे उभं राहण्याचा शब्द काही तिनं कुणाला दिलेला नव्हता. संघ एका गोलानं मागे होता. पेपरवाला दोन रांगा खाली बसून काहीतरी लिहीत होता, बहुधा सहावा नाही, आठवा.

मध्यंतरानंतर संघ मैदानात परतू लागले आणि कोच केसलरांनी बाकाकडे वळून बोट दाखवलं. झेलिया उठली. हातमोजे ओढले. दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली होती. तिचा गोल आता मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता. ती धावत तिथं गेली, दोन्ही खांबांना एकेकदा हात लावला, आणि मग वळून जाळ्यामागे पाहिलं.

तिथं कुणी नव्हतं. नुसतं गवत, आणि वाऱ्यानं हलणारी एक रिकामी पिशवी.

देओलिंदाचा खांदा उगीचच ठणकला. मनातला तो जुना काटा अजून तिथंच होता, हे खरं की सोयीचं, याचं उत्तर अजूनही कुणी दिलेलं नव्हतं... कदाचित कधीच देणार नव्हतं.

“आलेच,” ती आईला म्हणाली.

आईनं गुडघे बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. देओलिंदा पायऱ्या उतरली, मैदानाच्या कडेच्या दोरीखालून वाकून गेली, आणि मैदानाला वळसा घालत, कुणाकडे न बघता, त्या दूरच्या जाळ्याच्या दिशेनं चालू लागली.