पिवळी रेघ संपते तिथे

डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सच्या मराठी ग्रुपवर मला ‘इमिग्रेशनबाई’ म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण अडलं की फोन मलाच येतो. पॅरिसला जायचंय, इथलं रेसिडेन्सीचं कार्ड चालेल का? नाही चालणार, शेंगेनचा व्हिसा काढ. बेलफास्टला गाडीनं जायचंय, वाटेत साधं गेटसुद्धा नाही म्हणे? गेट नसलं म्हणून देश बदलायचा राहत नाही. बेलफास्ट ब्रिटनमध्ये, आपला पासपोर्ट भारताचा, ब्रिटनचा व्हिसा नसेल तर पलीकडे पाऊल टाकायचं नाही. “अगं, कोण बघतंय?” असं लोक म्हणतात. बघेल कोणीतरी, तेव्हा मला फोन करू नका, असं मी सांगते.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचं सांगणारी बाई भाबडी आहे असं कुणाला वाटायला नको. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट चुकते तेव्हा नेमकी कुठे चुकली ते शोधायचं, हेच माझं काम. अंगारे-धुपारे, दृष्ट काढणं, यातलं मला काही पटत नाही.

२०१९च्या जूनअखेर आई नागपूरहून आली. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, जीभ मात्र ठणठणीत. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. शेजारच्या पद्मिनीमावशी येता-जाता डोकावतात. तिच्या आयरिश व्हिसावर काही जादा अक्षरं छापलेली होती. ती असली की त्याच व्हिसावर ब्रिटनमध्येही जाता येतं. ही सोय भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना. पाच वर्षं इथे राहून टॅक्स भरणाऱ्या मला नाही.

“म्हणजे मले दोन देश अन् तुले एक,” आई खूश होऊन म्हणाली. “कसं वाटून राहिलं?”

जुलैत कोर्टाचा तो निकाल आला. नागरिकत्वाच्या अर्जाआधीचं अख्खं वर्ष आयर्लंडमध्येच काढलेलं हवं, एकही दिवस बाहेर नको. ग्रुपवर नुसता गोंधळ. माझ्या नवऱ्याचा, नितेशचा, अर्ज आधीच गेला होता. माझा डिसेंबरात जायचा होता, आणि त्या वर्षात मी योगायोगानं एकदाही बाहेर पडले नव्हते. माझं इथलं राहणं नोकरीला टांगलेलं. कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. नोकरी गेली तर देश गेला. आणि वर्ष मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी ठरवून टाकलं, डिसेंबरपर्यंत जागचं हलायचं नाही.

ऑगस्टात आईनं क्लोन्सचा हट्ट धरला. मोनाहन काउंटीतलं हे छोटं गाव क्रोशाच्या लेससाठी नावाजलेलं आहे, आणि आईच्या हातात पन्नास वर्षं क्रोशाची सुई आहे. गाव अगदी सीमेला चिकटून. कॅव्हनकडे जाणारा रस्ता तर थोड्या अंतरात ब्रिटनमध्ये शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. मी जायचा-यायचा रस्ता न्यूब्लिसवरून काढला, सबंध आयर्लंडमधला. “आईंना लेस बघायचीय,” नितेश म्हणाला, “तू तर युद्धाची तयारी करतेयस.” त्याला ऑफिस होतं. आम्ही दोघीच निघालो.

लेसच्या म्युझियममध्ये आईनं तिथल्या बाईच्या हातातून सुई जवळजवळ काढूनच घेतली. एकीला इंग्रजीतली चार वाक्यं येत होती, दुसरीला मराठीचा एक शब्द नाही, पण तासभर दोघी एकमेकींच्या विणकामावर खूश होत बसल्या. मी खिडकीशी उभी राहून ऑफिसच्या मेल वाचत होते. परत निघालो तेव्हा आई म्हणाली, “तू बसली नाही बाप्पा आमच्यात. घडीभर बसायचं.” मी म्हटलं, उशीर होतोय.

न्यूब्लिसच्या रस्त्याचं काम निघालं होतं. डायव्हर्जनच्या पाट्या धरून मी जात राहिले. पाऊस म्हणावा असा नव्हता, काच सारखी पुसावी लागत होती एवढंच. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडं, ओल्या शेणाचा वास, मग पाट्याही दिसेनाशा झाल्या. एका वळणानंतर मी करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ तिथे संपत होती. पुढे सलग पांढरी.

“काहून थांबली?”

“पुढे ब्रिटन आहे.”

आईनं वाकून काचेतून बघितलं. डांबर तेच, गवत तेच. ती हसायला लागली. मग हसता हसता म्हणाली की तिला बाथरूमला जायलाच हवं, सकाळच्या प्रेशरच्या गोळीनं घात केलाय. मागे दोन-तीन मैल घर दिसलं नव्हतं. पांढऱ्या रेघेच्या पुढे, हाकेच्या अंतरावर एक दगडी घर होतं, निळ्या दाराचं. धुराड्यातून टर्फचा, म्हणजे इथे जाळतात त्या वाळवलेल्या दलदलमातीचा, धूर येत होता.

“मले तर चालते ना तिकडे?” आईनं विचारलं.

तिला चालत होतं. मी हो म्हटलं.

साडीवर नितेशचं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशी ती डुलत डुलत गेली. फोन सीटवरच राहिला. तिनं दारावर हात ठेवण्याआधीच दार उघडलं. कोणी उघडलं ते मला दिसलं नाही. ती काहीतरी बोलली, आणि ओळखीच्या घरी शिरावं तशी आत गेली.

बराच वेळ गेला. मी गाडीतून उतरले आणि पिवळी रेघ संपते तिथवर चालत गेले. तिथे उभी राहिले. हाका मारल्या. घरातून हसण्याचा आवाज आला, आईचा, आणि तिच्याबरोबर आणखी एकीचा. उत्तर कोणी दिलं नाही. पुढचं पाऊल टाकायला काय लागत होतं? कोणी बघत नव्हतं. मला ते कळत होतं, आणि तरी मी टाकलं नाही. नियम काय आपल्या सोयीनं पाळायचे असतात?

पलीकडून एक ट्रॅक्टर आला आणि रेघेकडे ढुंकूनही न बघता माझ्याजवळ येऊन थांबला. वयस्क माणूस, टोपी भिजलेली. गाडी बिघडलीय का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आई त्या घरात गेलीय, तिची वाट बघतेय.

“ओ, शी इज ग्रँड,” तो म्हणाला, म्हणजे मजेत आहे. “युअर सिस्टर इज इन देअर विथ हर. खिडकीतून दिसल्या मला दोघी.”

“मला बहीण नाही,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वळून घराकडे पाहिलं. आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला.

त्यानंतर आई बाहेर आली. फाटकाशी वळून तिनं आत कोणाला तरी हात केला. चार पावलं आली आणि मी दिसल्यावर थबकली. मागे घराकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“तू इतक्या लवकर इकडे कशी आली?”

“मी इथेच आहे, आई.”

“आत्ता तर माझी वेणी घालून राहिली होती.”

सकाळी आईचा अंबाडा होता. आता पाठीवर वेणी होती, चापूनचोपून घातलेली. तिला खोबरेल तेलाचा वास येत होता. शेवटचा पेड आतून दोनदा काढून अडकवलेला होता, म्हणजे रबर लागत नाही. ही पद्धत माझी, शाळेत असताना मीच शोधलेली. आईला ती कधी जमली नाही, आणि मी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची वेणी घातली नव्हती.

घरी येईपर्यंत मी हजार स्पष्टीकरणं शोधली. त्या घरातली बाई हौशी असेल. आई दमली असेल, गोंधळली असेल. तसला पेड जगात आणखी कोणाला सुचला नसेल कशावरून? आमच्या कामात एकदाच दिसून गेलेला बग असतो, तो पुन्हा दिसेपर्यंत बाजूला ठेवतात. मीही तेच केलं. तरी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, आईनं सगळी उत्तरं दिली आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं असल्याचंही दाखवून दिलं. डॉक्टर म्हणाले, ग्रँड.

उरलेले दिवस आई मजेत होती. फक्त मधूनच माझ्याकडे बघत राहायची, दुकानात एकसारखी दोन पातेली समोर ठेवल्यावर बघावं तशी.

“तिथे तू मोकळी होती गं,” एकदा भाजी निवडताना म्हणाली. “किती बोलली. रडली पण. अन् ऑक्टोबरात येतो म्हणाली.”

“आई, मी त्या घरात आले नव्हते. आणि ऑक्टोबरात मला येता यायचं नाही, तुला माहीत आहे.”

“बरं,” आई म्हणाली. तिनं वाद घातला नाही. मला तिचा राग आला. नंतर कपाटातले डबे मी उगाच काढून पुन्हा लावले. मला भीती वाटत होती, आणि भीतीहूनही जास्त मत्सर वाटत होता. कोणाचा, ते स्वतःशीसुद्धा म्हणायला लाज वाटली.

सप्टेंबरात ती परत गेली. ऑक्टोबरच्या मध्यावर पद्मिनीमावशींचा फोन आला. आईला डेंगी, प्लेटलेट्स खाली आल्यात, ॲडमिट केलंय. काही दिवसांनी घरी सोडलं, पण उठून पाणी घ्यायचीही ताकद नाही. मावशींचे स्वतःचेच गुडघे गेलेले, जिना चढवत नाही, त्या तरी किती करणार?

“तू जा,” नितेश म्हणाला. “वर्ष गेलं खड्ड्यात.”

“आणि नोकरी गेली तर? मग कुठे जायचं?”

“ज्ञानदा, आई आहे ती.”

मला का माहीत नव्हतं? मी आंघोळीला गेले की नळ सोडून रडत होते. सबंध दोन दिवस मी तिकीट काढलं नाही. तिसऱ्या दिवशी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, काढलं. शनिवारचं. वर्ष मोडलं ते मोडलं. छातीवरचा दगड उतरला. मी लगेच पद्मिनीमावशींना फोन लावला.

“मावशी, मी शनिवारी येतेय.”

“येतेय म्हणजे?” मावशी म्हणाल्या. “परत गेलीस की काय? अगं, काल सकाळीच तर बघितलं तुला, गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. मी हाकसुद्धा मारली. हात केलास की मला.”

मी फोन ठेवला आणि आईचा नंबर लावला.

आईनं लगेच उचलला. आवाज स्वच्छ, ताजा. मागे फोडणी चरचरत होती.

“आई, मी शनिवारी येतेय.”

“काहून? तुझं ते वर्ष मोडेल ना.”

“मोडू दे.”

“नको बाप्पा. मले काही कमी नाही इथे. ज्ञानदा आहे ना.”

“आई,” मी म्हटलं, “मी ज्ञानदा.”

मग तिनं आवाज खाली आणला. लहान मुलाला वाईट वाटू नये म्हणून बोलतात तशी बोलली.

“तू पण चांगलीच आहे गं. पण तुले येता नाही आलं ना.”

मागून कोणीतरी हाक मारली. “आई, खिचडी थंडी होऊन राहिली!”

आवाज माझा होता. बोली मात्र आमची नागपूरची होती, पुण्यात हॉस्टेलवर मुली हसल्या तेव्हा मी सोडून दिलेली.

“आली, आली,” आई म्हणाली. ती फोन बंद करायला विसरली.

मी कानाला लावून उभी राहिले. खुर्ची सरकली. ताट ठेवल्याचा आवाज झाला. कोणीतरी आईला धरून बसवलं असावं, कारण ती “हळू गं” म्हणाली आणि हसली. मग दोघी जेवायला लागल्या.

“कोणाचा फोन होता?” माझ्या आवाजानं विचारलं.

“आयर्लंडहून होता,” आई म्हणाली. “तिकडे एक बाई आहे. एकटीच असते. चांगली आहे बिचारी.”